सोलापूरच्या शेजारचा परमुलूख

कोजागिरी पौर्णिमेच्या सुमारास सोलापुराहून तुळजापूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर पायीं चालणाऱ्या भक्तांची रीघ लागते. बायका, मुलें, म्हातारीं माणसें, गिरणींतले कामगार, पेढीवरचे गुमास्ते असे सारे देवीच्या नांवाचा गजर करीत चालत असतात. अंतर सुमारें ४५ किलोमीटरांचें. रात्रभर चाललेला मनुष्य सकाळीं देवळाच्या पायऱ्या उतरून भवानीसमोर उभा राहतो. वाटेंत कोठें तरी सोलापूर जिल्हा संपतो आणि धाराशिव जिल्हा सुरू होतो. परंतु तें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं, आणि कोणीं ध्यानांत आणून दिलें तरी त्याला त्याचें कांहीं वाटत नाहीं.

१९४८ च्या सप्टेंबर महिन्यापर्यंत मात्र गोष्ट निराळी होती. त्या वेळीं देवी एका राज्यांत आणि तिचे भक्त दुसऱ्या राज्यांत, अशी स्थिति होती. तुळजापूर निजामाच्या हैदराबाद संस्थानांत, तर सोलापूर इंग्रजी अंमलांत, मुंबई इलाख्यांत. उलट मराठवाड्यांतल्या वारकऱ्याचा विठोबा इंग्रजी मुलुखांत होता. आषाढीला पंढरीची वाट धरणारा लातूरकडचा शेतकरी परमुलुखांत जाऊन परत येई. हद्दीच्या दोन्ही बाजूंस भाषा तीच, सणवार तेच, आणि मुली दिल्याघेतल्या जात त्या घरांचीं आडनांवेंही तींच. बदले तें सरकार. पलीकडे दप्तर उर्दूंत लिहिलें जाई, वर्ष फसली सनाचें मोजलें जाई, पत्राला तिकीट निजामाचें लागे आणि बाजारांत नाणें चाले तें हाली शिक्क्याचें. इंग्रजी रुपयास लोक कलदार म्हणत. साधारणपणें ६ कलदारांस ७ हाली असा भाव असे. म्हणजे सोलापूरच्या व्यापाऱ्यास १०० कलदारांचा हिशेब मांडतांना ११६ रुपये १० आणे ८ पै हाली धरावे लागत.

परदेश म्हटला कीं समुद्र, आगबोट आणि पासपोर्ट डोळ्यांपुढें येतात. सोलापूरकरांचा परदेश बैलगाडीच्या एका मजलेवर होता. या परदेशानें आपल्या शेजाऱ्यांसाठीं दोन कायदे केले होते. एक कायदा मालासाठीं होता. त्याला करोडगिरी म्हणत. दुसरा माणसांसाठीं होता. त्याला मुलकी कायदा म्हणत. आज दोन्ही इतिहासजमा झाले आहेत. परंतु पहिला किती सहज मिटला आणि दुसरा किती काळ रेंगाळला, हें पाहण्याजोगें आहे.

प्रथम ही हद्द आली कशी तें सांगितलें पाहिजे. पेशवाई बुडाली त्या वर्षीं, म्हणजे १८१८ च्या मे महिन्यांत, जनरल मन्रो यानें सोलापूरचा किल्ला घेतला आणि हा प्रदेश कंपनी सरकारकडे आला. पलीकडे निजामाचें राज्य पूर्वींपासून होतेंच. पुढें निजाम सरकारवर इंग्रजी फौजेच्या खर्चाचें कर्ज चढलें. तें फेडण्यासाठीं १८५३ च्या तहान्वयें वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिव-नळदुर्ग हे प्रांत इंग्रजांनीं आपल्या हातांत घेतले. नळदुर्गच्या कारभारावर कर्नल मेडोज टेलर या गृहस्थाची नेमणूक झाली. ठगांच्या जीवनावरील कादंबरी लिहून इंग्लंडांत प्रसिद्धीस आलेला हाच तो टेलर. म्हणजे १८५३ ते १८६० या सात वर्षांत सोलापूर आणि नळदुर्ग यांवर एकाच सरकारचा अंमल होता.

१८५७ च्या धामधुमींत हैदराबादचें सरकार इंग्रजांच्या बाजूस राहिलें. त्याचें बक्षीस म्हणून १८६० च्या तहानें रायचूर दुआब व धाराशिव हे प्रांत निजामास परत मिळाले आणि सुमारें ५० लाख रुपयांचें कर्ज माफ झालें. ज्या लोकांचा मुलूख असा दिलाघेतला गेला, त्यांना कोणीं कांहीं विचारलें नाहीं. योग असा कीं, त्याच १८६० सालीं मुंबईकडून निघालेली रेल्वे सोलापुरास येऊन पोंचली. एका हातानें रूळ घातले गेले आणि दुसऱ्या हातानें त्यांच्याच शेजारीं हद्दीचे दगड पुन्हा उभे राहिले. पुढें १८७१ च्या सुमारास ही रेल्वे गुलबर्ग्यावरून रायचूरकडे गेली, तेव्हां ती निजामाच्या मुलुखांतून गेली खरी. परंतु रुळांखालच्या जमिनीवरील अधिकार इंग्रजांकडे सोंपविण्यांत आला होता. गाडीच्या डब्यांत बसून मद्रासेस जाणारा सोलापूरकर निजामाचीं शेतें खिडकींतून पाही. स्टेशनाबाहेर पडून गांवांत शिरला, म्हणजे मग तो परमुलुखांत जाई.

आतां करोडगिरीचा विचार करूं. हिचें मूळ १८०२ च्या व्यापारी तहांत आहे. त्या तहानें ठरलें तें असें कीं, वाटेवर जागोजाग उकळल्या जाणाऱ्या राहदारी जकाती बंद व्हाव्या आणि कंपनीच्या मुलुखांतून निजामाच्या राज्यांत येणाऱ्या मालावर शेंकडा ५ एवढाच कर एकदां घ्यावा. त्या काळाच्या मानानें ही सुधारणाच होती. गांवोगांवच्या देशमुखाला आणि जमीनदाराला हात ओले करून देण्यापेक्षां एकदांच ५ रुपये भरून मोकळें होणें व्यापाऱ्यास परवडे. पण तहांतील सुधारणा कालांतरानें अडचण होऊन बसते, तसें याचें झालें. १८०२ सालीं ही जकात दोन स्वतंत्र सत्तांमधली होती. शंभर वर्षांनंतर सारा देश एका रेल्वेनें आणि एका बाजारानें जोडला गेला, तरी सोलापूर आणि तुळजापूर यांच्यामध्यें करोडगिरीचें नाकें उभेंच होतें.

सोलापूरच्या बाजारास हें नाकें चांगलेंच जाणवे. या शहराचें मोठेपण पूर्वेकडील मुलुखावर उभें होतें. १८७७ सालीं येथें निघालेली गिरणी, जिला पुढें लोक जुनी गिरणी म्हणूं लागले, तिला लागणाऱ्या कापसाचा मोठा भाग निजामाच्या काळ्या जमिनींत पिके. आणि येथें विणलेलीं लुगडीं व धोतरें पुन्हा तिकडच्याच बाजारांत खपत. कापूस बाहेर जातांना निजाम सरकार निर्गत जकात घेई आणि कापड आंत येतांना आयात जकात घेई. म्हणजे लातूरकडच्या शेतकऱ्याचाच कापूस लुगडें होऊन त्याच्याच घरीं परत यावयाचा, तर त्याला दोनदां नाक्यावर थांबावें लागे आणि दोन्ही वेळचे पैसे शेवटीं त्या शेतकऱ्याच्याच खिशांतून जात. बार्शीची लहान रेल्वे हेंही याच व्यापाराचें अपत्य. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नांवाच्या इंजिनियरानें १८९७ सालीं ती कुर्डुवाडीपासून बार्शीपर्यंत काढली. १९११ सालीं ती हद्द ओलांडून लातुरास पोंचली आणि लातूरची पेठ वाढीस लागली. आगगाडीला हद्द अडवीत नसे. अडविला जाई तो तिच्यांतला माल.

निजाम सरकारची बाजूही येथें मांडली पाहिजे. हैदराबादला समुद्रकिनारा नव्हता. परदेशांतून येणारा प्रत्येक जिन्नस मुंबई किंवा मद्रास बंदरांत उतरे आणि तेथें हिंदुस्थान सरकार आपली समुद्रजकात घेई. तो जिन्नस वापरणारा मनुष्य निजामाचा प्रजाजन असला, तरी त्या जकातीचा वांटा निजामाच्या तिजोरींत येत नसे. हें गाऱ्हाणें संस्थानांनीं बटलर कमिटीपुढें मांडलें होतें आणि त्या कमिटीच्या १९२९ सालच्या अहवालांत त्याचा विचार झाला आहे. समुद्रावरचा वांटा मिळत नाहीं, तेव्हां जमिनीवरचें नाकें आम्ही कां सोडावें, असा हैदराबादच्या मुत्सद्द्यांचा सवाल असे आणि तो अगदींच निराधार म्हणतां येणार नाहीं.

या दुहेरी जकातीचें स्पष्ट उदाहरण म्हणजे मोटारगाडी. इंग्लंड-अमेरिकेंतून आलेली मोटार मुंबईच्या गोदींत उतरली कीं तिच्यावर हिंदुस्थान सरकारची भारी जकात बसे. तीच मोटार मुंबईंत विकत घेऊन एखाद्या व्यापाऱ्यानें धाराशिवास किंवा लातुरास न्यावी म्हटलें, तर निजामाच्या कायद्याच्या दृष्टीनें ती पुन्हा परमुलुखांतून आयात झालेला मालच. शिवाय १९३९ चा मोटारगाड्यांचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता. हद्दीपलीकडील नोंदणी, कर आणि परवाने यांचे नियम निजाम सरकारचे होते. भाड्याच्या मोटारींचा धंदा करणाराला तर आणखी एक अडचण होती. निजाम सरकारनें १९३२ च्या जून महिन्यांत आपल्या रेल्वेखात्याखालीं सरकारी बससेवा सुरू केली. आरंभीं २७ गाड्या आणि १६६ नोकर एवढाच तिचा पसारा होता. स्कॉटलंडच्या अल्बियन कंपनीच्या त्या गाड्या. हिंदुस्थानांत सरकारनें प्रवासी बस चालविण्याचे जे अगदीं आरंभीचे प्रयत्न झाले, त्यांत याची गणना होते. प्रवाशांची त्यानें सोय झाली यांत संशय नाहीं. पण जो जो रस्ता सरकारी गाडीसाठीं राखला जाई, त्या त्या रस्त्यावर खाजगी मोटारवाल्याचा धंदा आटोपे.

असें असलें तरी करोडगिरीचा एक गुण मान्य केला पाहिजे. ती पैशांवर भागे. नाकेदारानें गांठोडें सोडून पाहावें, किंमत ठरवावी, पैसे घ्यावे आणि पावती द्यावी. मग माल आपल्या वाटेनें जाई. तो कोठून आला आणि किती पिढ्या येथें राहिला, हें मालाला कोणी विचारीत नसे. माणसाला मात्र तें विचारलें जाई.

माणसांचें जाणेंयेणें त्या काळीं दोन्ही बाजूंनीं पुष्कळ होतें. त्याला पासपोर्ट लागत नसे. निजामाची प्रजा इंग्रजी कायद्यानें ब्रिटिश संरक्षित व्यक्ति मानली जाई. ती ब्रिटिश प्रजा नव्हे आणि सर्वस्वीं परकीही नव्हे. सोलापूरच्या वस्तीचा एक मोठा भाग अशाच माणसांचा आहे. तेलंगणांतून आलेले पद्मशाली विणकर येथें हातमागावर बसले, गिरण्यांत शिरले, त्यांच्या वस्त्यांमुळें शहराच्या पूर्वभागांत तेलुगू भाषा ऐकूं येऊं लागली. सोलापुरी चादरीचें नांव जें देशभर झालें, तें या हातांमुळें. हे लोक निजामाच्या राज्यांतून आलेले. परंतु तुम्ही येथले कीं बाहेरचे, असा प्रश्न त्यांना सोलापूरच्या गिरणीच्या दारांत विचारला गेला नाहीं. इंग्रजांचें हें औदार्य होतें असें नव्हे. गिरणीला हात हवे होते, आणि हातांना काम हवें होतें.

उलट दिशेनें जाणाराला मात्र मुलकी कायदा आडवा येई. त्याचाही इतिहास आहे आणि तो न्यायानें सांगितला पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत दिवाण सालारजंग यांनीं हैदराबादचा कारभार नव्या पद्धतीवर आणला. त्यासाठीं त्यांनीं उत्तर हिंदुस्थानांतून शिकलेले अधिकारी आणविले. पुढें फारसीच्या जागीं उर्दू ही दरबारी भाषा झाली आणि उत्तरेकडच्या मंडळींची आणखी सोय झाली. मोठमोठ्या जागा बाहेरच्यांनीं व्यापल्या, तेव्हां हैदराबादचे जुने रहिवासी, हिंदु आणि मुसलमान दोघेही, कुरकुर करूं लागले. आमच्या राज्यांत आम्हांला नोकरी नाहीं, ही ती तक्रार. तिच्यांतून मुलकी आणि गैरमुलकी हा भेद जन्मास आला. मुलकी म्हणजे मुलुखाचा. गैरमुलकी म्हणजे बाहेरचा.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या १९१९ सालच्या फर्मानानें या भेदाला नियमांचें रूप मिळालें. जन्मानें जो हैदराबादचा प्रजाजन तो मुलकी. ज्याच्या जन्मकाळीं बाप सरकारी नोकरींत असून त्याची १५ वर्षें नोकरी पुरी झाली असेल, तोही मुलकी. बाहेरून आलेला मनुष्य मुलकी व्हावयाचा तर त्यानें निदान १५ वर्षें संस्थानांत कायम राहिलें पाहिजे, पूर्वीच्या गांवीं परत जाण्याचा विचार सोडला पाहिजे आणि तसें प्रतिज्ञापत्र मॅजिस्ट्रेटसमोर केलें पाहिजे. मुलकी पुरुषाची बायको ती मुलकी. परंतु मुलकी स्त्रीनें गैरमुलकी पुरुषाशीं लग्न केलें तर तिचें मुलकीपण जाई. निजामाची खास परवानगी असल्यावांचून गैरमुलकी मनुष्यास सरकारी नोकरींत घेऊं नये, असा निर्बंध होता.

हे नियम उत्तरेकडून येणाऱ्या अधिकाऱ्यांस आवर घालण्यासाठीं केले गेले. पण कायदा लिहितांना डोळ्यांपुढें एक मनुष्य असतो आणि अंमल होतांना दुसराच त्यांत सांपडतो. सोलापुरांत मॅट्रिक झालेला तरुण तुळजापूरच्या शाळेंत मास्तर होऊं पाहील, तर तो गैरमुलकी ठरे. ज्या देवीच्या जत्रेला त्याचे आजेपणजे चालत गेले, तिच्या गांवीं तो कायद्यानें परका. सोलापूरची मुलगी धाराशिवास दिली कीं ती मुलकी झाली. धाराशिवची मुलगी सोलापुरास दिली कीं आपलें माहेर जेथें आहे त्या राज्याची ती उरली नाहीं. मंगलाष्टकें म्हणतांना भटजींना याची दाद नसे आणि वऱ्हाडी मंडळींनाही नसे. नोकरीचा किंवा अर्जाचा प्रसंग आला म्हणजे मग तें कळे.

मराठवाड्यांतल्या मराठी माणसाला तरी या मुलकीपणाचा लाभ मिळाला काय? कायद्यानें तो पुरा मुलकी होता. पण कचेरीचें दार उर्दूचें होतें. १९१८ सालीं उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालें. देशी भाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा तो मोठा प्रयोग म्हणून त्याची वाखाणणी झाली आणि ती योग्यच होती. परंतु ती देशी भाषा म्हणजे उर्दू, आणि संस्थानांतील बहुसंख्य प्रजेची भाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी. म्हणून मराठवाड्यांतले पुष्कळ विद्यार्थी शिक्षणासाठीं हद्द ओलांडून सोलापूर-पुण्याकडे येत. घरीं मुलकी असून परके, आणि परमुलुखांत परके असून घरच्यासारखे, अशी त्यांची चमत्कारिक स्थिति झाली होती.

राजकारणांत ही स्थिति आणखीच उघडी पडली. गश्ती निशाण ५३ या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या हुकुमानें संस्थानांत परवानगीवांचून सभा भरविणें अशक्य करून टाकलें होतें. तेव्हां हैदराबादच्या प्रजेनें आपल्या राजकीय परिषदा संस्थानाबाहेर भरविल्या. १९२३ सालीं काकिनाड्यास, १९२६ सालीं मुंबईस, १९२८ सालीं पुण्यास आणि १९३१ सालीं अकोल्यास. आपल्या घरचें गाऱ्हाणें मांडावयास शेजाऱ्याच्या ओट्यावर जावें, तसें हें झालें. याच्या उलट वाटेनें गेलेले थोर पुरुष म्हणजे स्वामी रामानंद तीर्थ. विजापूर जिल्ह्यांतल्या सिंदगी येथें १९०३ सालीं त्यांचा जन्म झाला, त्या वेळचें नांव व्यंकटेश खेडगीकर. त्यांचें शालेय शिक्षण सोलापुरांत झालें. असहकारितेच्या चळवळींत त्यांनीं शाळा सोडली. पुढें ते हद्दीपलीकडे हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेंत शिक्षक झाले, १९३२ सालीं संन्यास घेतला आणि हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. माणूस कोठला हें जन्माच्या दाखल्यावर ठरवावें कीं त्यानें जन्म कोठें वेंचला त्यावर, या प्रश्नाचें त्यांच्या चरित्राएवढें चांगलें उत्तर मुलकी नियमांच्या कोणत्याही कलमांत नाहीं.

१९३८ च्या डिसेंबरांत सोलापुरास लोकनायक अणे यांच्या अध्यक्षतेखालीं आर्य परिषद भरली आणि निजामाच्या राज्यांत धर्माचरणाचें स्वातंत्र्य मिळविण्यासाठीं सत्याग्रहाचा निश्चय झाला. १९३९ च्या आरंभापासून देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या सत्याग्रह्यांच्या तुकड्या सोलापुराहून गाडीनें गुलबर्ग्यास जात आणि तेथें पकडल्या जात. सोलापूरच्या घराघरांतून त्यांच्या भोजनाची सोय झाली. या चळवळीच्या पाठोपाठ १९४० सालीं सोलापुरांत दयानंद महाविद्यालय निघालें. ज्या मुलुखांत मुलांच्या शिक्षणाची आबाळ होती त्याच्या वेशीवर तें उभें राहिलें.

१९४७ सालीं इंग्रज गेले आणि ही जुनी हद्द एकाएकीं धारदार झाली. हैदराबादनें भारतांत सामील होण्याचें टाळलें. २९ नोव्हेंबर १९४७ रोजीं जैसे थे करार झाला, पण स्थिति जैसे थे राहिली नाहीं. हैदराबाद सरकारनें वटहुकूम काढून मौल्यवान धातूंच्या निर्यातीवर बंदी घातली आणि भारतीय चलनाचा वापर बंद केला. पाकिस्तानला २० कोटी रुपयांचें कर्ज देऊं केलें. भारत सरकारनें आपल्या बाजूनें नाकीं आवळलीं. पेट्रोल, मोटारींचे सुटे भाग आणि इतर कितीएक जिन्नस हद्दीपलीकडे जाईनासे झाले. ज्या रस्त्यावर शेंकडा ५ भरले कीं सारें सुटे, तेथें आतां पैसे भरूनही कांहीं सुटेना. जमिनीवरचा मार्ग बंद झाला तेव्हां सिडने कॉटन नांवाचा एक ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून रात्रीं विमानें उडवून बिदर-वारंगळकडे शस्त्रें पोंचवूं लागला. पुढें इंग्लंडांत त्याच्यावर खटला होऊन त्याला २०० पौंड दंड झाला.

मालाचा ओघ थांबला आणि माणसांचा वाढला. लातूरच्या कासीम रझवीच्या नेतृत्वाखालील रझाकारांच्या अत्याचारांमुळें धाराशिव, बिदर, गुलबर्गा या भागांतून कुटुंबेंच्या कुटुंबें सोलापूर-बार्शीकडे आलीं. बैलगाडींत बसेल तेवढा संसार, मागें बांधलेली गाय, आणि दाराला लावलेलें कुलूप. स्टेट काँग्रेसचे कॅंप याच सरहद्दीवर उभे राहिले. येथें हद्दी इतक्या गुंतलेल्या होत्या कीं इंग्रजी मुलुखाचीं कांहीं गांवें निजामाच्या मुलुखानें वेढलेलीं असत. अशाच नान्नज गांवाजवळ १९४८ च्या जुलैंत भारतीय लष्कराच्या तुकडीवर हल्ला झाला आणि सैनिक मृत्युमुखीं पडले. याच उन्हाळ्यांत, १ जून १९४८ रोजीं, मुंबई राज्याची पहिली सरकारी एस. टी. गाडी पुण्याहून अहमदनगरास गेली होती. एकीकडे रस्ते जोडले जात होते आणि अहमदनगराच्या पलीकडे, सोलापुराच्या पलीकडे, तेच रस्ते अडलेले होते.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहांटे मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या आधिपत्याखालील मुख्य फौज सोलापुराहून निघाली. त्याच दिवशीं नळदुर्ग पडलें आणि बोरी नदीवरचा पूल हातीं आला. १७ तारखेच्या सायंकाळीं निजामानें लढाई थांबविली. ८८ वर्षांपूर्वीं तहाच्या एका कलमानें आंखलेली रेषा पांच दिवसांत पुसली गेली.

रेषा पुसली गेली तरी तिनें शिकविलेली आपपरतेची भावना पुसली गेली नाहीं. पोलिस कारवाईनंतर जें घडलें तें सांगितल्यावांचून हा इतिहास खरा होणार नाहीं. धाराशिव, गुलबर्गा, बिदर व नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान रहिवाशांवर सूड उगवला गेला. रझाकारांशीं ज्यांचा कांहीं संबंध नव्हता, असे शेतकरी, कारागीर आणि त्यांचीं बायकामुलें त्यांत बळी पडलीं. पंडित नेहरूंनीं पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीनें मृतांची संख्या २७ ते ४० हजार असावी असा अंदाज केला. तो अहवाल अनेक वर्षें लोकांपुढें आला नाहीं. निजामाच्या फौजेंत आणि चाकरींत पिढ्यानपिढ्या राहिलेले हद्रमौतचे अरब, तसेच पठाण, हे आतां नव्या सरकारच्या दृष्टीनें परदेशी ठरले. त्यांतील पुष्कळांना अटकेंत ठेवून मूळ देशीं धाडण्याचा प्रयत्न झाला. आणि त्यांत असेही होते कीं ज्यांचा जन्म येथलाच, बायको येथलीच, आणि मूळ देश म्हणजे केवळ आजोबांनीं सांगितलेलें एक नांव. जे कराचीकडे गेले त्यांना परत येण्यास १९४८ पासून परवाना लागूं लागला. १५ ऑक्टोबर १९५२ पासून तर दोन देशांत पासपोर्टची पद्धत सुरू झाली. एक परमुलूख मिटला आणि दुसरा उत्पन्न झाला.

करोडगिरीचा शेवट मात्र शांतपणें झाला. २६ जानेवारी १९५० रोजीं अंमलांत आलेल्या संविधानाच्या मूळ ३०६ व्या कलमानें अशा राज्यांस केंद्राशीं करार करून आपल्या जकाती कांहीं काळ चालू ठेवण्याची सवलत दिली होती. तिला १० वर्षांची मर्यादा होती. तेवढीही मुदत भरली नाहीं. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनें तें कलमच गळालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला आणि सोलापूर व धाराशिव हे एकाच राज्याचे शेजारी जिल्हे झाले. निजामाच्या काळीं सुरू झालेल्या बससेवेचा मराठवाड्यांतील भाग एस. टी.मध्यें मिसळून गेला. नाकें गेल्याबद्दल कोणीं शोक केला नाहीं, आणि थोड्याच वर्षांत तें कोठें होतें हेंही लोक विसरले.

मुलकी नियम मात्र असे गेले नाहींत. राज्य गेलें, राजा गेला, नाणें गेलें, तरी ते तेलंगणांत जिवंत राहिले. कारण संविधानाच्या ३५ व्या कलमानें पूर्वीचे असे नियम तात्पुरते चालू ठेवले होते. १९५६ सालीं तेलंगण आंध्राला जोडलें गेलें, तेव्हां नोकऱ्यांसाठीं १५ वर्षांच्या रहिवासाची अट हा तिकडच्या लोकांस मोठा आधार वाटला. ती पाळली जात नाहीं म्हणून १९६९ सालीं तेलंगणांत मोठें आंदोलन झालें आणि तरुणांचे प्राण गेले. ३ ऑक्टोबर १९७२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें मुलकी नियम वैध ठरविले, तेव्हां आंध्रांत उलट आंदोलन पेटलें. अखेर १९७३ च्या बत्तिसाव्या घटनादुरुस्तीनें ३७१ ड हें कलम घालून निराळी व्यवस्था करावी लागली आणि मुलकी नियमांना मूठमाती मिळाली. निजामाच्या फर्मानास तोंपर्यंत ५४ वर्षें झालीं होतीं.

मालावरची जकात हा हिशेबाचा विषय असतो. तिजोरीचा तोटा दुसरीकडून भरून आला कीं तो संपतो. मनुष्य आपला कीं परका, हा पोटाचा आणि मानाचा विषय असतो. ज्यांना त्या नियमाचा आधार वाटे त्यांना तो न्याय्य वाटे. ज्यांच्या आड तो येई त्यांना तो अपमान वाटे. आणि दोघेही आपापल्या जागीं खोटे नसत. म्हणून असा कायदा करणाऱ्यानें तो कोणासाठीं केला एवढेंच पाहून भागत नाहीं; तो पुढें कोणाच्या दारांत जाऊन उभा राहील तेंही पाहावें लागतें. सोलापूरच्या गिरणीनें तेलंगणाच्या विणकरास तो किती वर्षें येथें राहिला हें विचारलें नाहीं, आणि त्याच्या नातवंडांनीं सोलापूरला आपलें गांव मानलें. त्यांना तें प्रतिज्ञापत्रानें सिद्ध करावें लागलें नाहीं.

तुळजापूरचा रस्ता आज रुंद झाला आहे. कोजागिरीच्या आदल्या रात्रीं त्या रस्त्यावरून जाणारांमध्यें मराठी, कानडी, तेलुगू अशा सर्व भाषा ऐकूं येतात. सोलापूर जिल्ह्याची हद्द कोठें संपली हें सांगणारी पाटी रस्त्याच्या कडेला असते. अंधारांत ती कोणाला दिसत नाहीं आणि तिच्यापाशीं कोणाला थांबावें लागत नाहीं.